कपाट क्रमांक ४: तालुक्याच्या वाचनालयातल्या लोकप्रिय कादंबऱ्या आणि त्यांच्या लेखकांचं नाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावचं हे सार्वजनिक वाचनालय. एसटी स्टँडवरून जिनिंगच्या रस्त्यानं पाच मिनिटं चालत गेलं की खाली कृषी केंद्र आणि बाजूनं वर जाणारा अरुंद जिना लागतो. वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७. सुटी बुधवारी. रविवारी सुटी ठेवत नाहीत, कारण त्या दिवशी बाजार असतो आणि खेड्यावरचे वर्गणीदार बाजारालाच येतात. अनामत २०० रुपये, वर्गणी महिन्याला २० रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, मुदत १५ दिवस, पुढे दिवसाला एक रुपया दंड. दंड कागदावरच आहे. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तो कोणी मागत नाही, आणि मागूही नये.

समोरच्या हॉलमध्ये पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं बसलेली असतात. पुस्तकं ती घरून आणतात, वाचनालयाचा पंखा आणि शांतता तेवढी वापरतात. कादंबरीवाला माणूस इथे बसत नाही. तो येतो, पुस्तक बदलतो आणि जातो. त्याचा संबंध मागच्या खोलीतल्या कपाट क्रमांक ४ शी. परीक्षण त्या कपाटाचंच आहे: त्यात काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे, आणि त्यातल्या लेखकांना महाराष्ट्रानं जे नाव दिलं ते त्यांच्या कामातून आलेलं आहे की बाहेरून चिकटलेलं. एकूण सेवेला पाचपैकी साडेतीन. दीड का कापले ते पुढे येईलच.

पुठ्ठ्याच्या कण्यावर ८९१.४६३ असा आकडा दिसतो. ड्युई पद्धतीत मराठी कथा-कादंबरीचा तो क्रमांक. म्हणजे ज्ञानपीठवाले खांडेकर आणि महिन्याला रहस्यकथा पाडणारा लेखक यांचा नंबर एकच. प्रत्यक्षात कपाट लावलंय ते दोन भागांत, ग्रंथपालांच्या शब्दांत ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’. चालणारं डोळ्यांच्या उंचीवर, न चालणारं खाली, जिथे पावसाळ्यात ओल चढते. कपाट भिंतीला टेकवलेलं आहे, ते निदान वीतभर पुढे ओढायला हवं. वाळवी भिंतीतूनच येते, आणि खालच्या कप्प्यातल्या दोन पुस्तकांचे कोपरे तिनं आधीच चाखले आहेत.

कोण किती चालतो हे पाहायचं तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीखपट्टी पाहावी. परतीच्या तारखेचे शिक्के तिच्यावर मारतात. भरली की तिच्यावर दुसरी. काही पुस्तकांवर अशा तीन-चार पट्ट्या एकावर एक बसून पुठ्ठ्यासारखा जाड थर झालाय. पण ही पट्टी वाचायलाही थोडी अक्कल लागते. एक तर बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकाची जुनी पट्टी फाडून नवी लावतात, त्यामुळे सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तक कधीकधी कोरं दिसतं. अशा वेळी दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयात आल्या क्रमानं पुस्तकाला दिलेला नंबर, पाहावा. क्रमांक तीन आकडी आणि पट्टी कोरी असेल तर ते पुस्तक एकदा मरून उठलेलं आहे. दुसरं, एका शिक्क्यामागे वाचणारे चार असतात. सून नेते, सासू वाचते, शेजारीण मागून घेते. तिसरं, माणूस जे कपाटात आहे तेच नेतो. ज्याच्या दहा प्रती घेतल्या त्याचे शिक्के जास्त होणारच. लोकप्रियतेत थोडा वाटा खरेदी समितीचाही असतो, आणि मार्च संपायच्या आत अनुदान खर्ची टाकायच्या घाईत ही समिती ओळखीचीच नावं उचलते.

सुरुवात रहस्यकथांपासून, कारण कपाटात सगळ्यात हाल त्यांचेच आहेत. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६), खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर पुस्तकं. लिहिण्याची पन्नास वर्षं धरली तरी वर्षाला वीस होतात. झुंजार आणि काळा पहाड ही नावं आजही साठीपुढच्या माणसाला सांगितली की चेहरा उजळतो. बरंचसं इंग्रजी रहस्यकथांवरून बेतलेलं, पात्रं पुठ्ठ्याची, बायका एक तर संकटात नाहीतर कटात. हे सगळं खरं धरूनही त्यांचं नाव त्यांनी कमावलेलंच म्हणावं लागतं, आणि त्याचं कारण पानावर दिसतं. वाक्य लहान. अर्धं पान संवाद. प्रकरण अशा ठिकाणी तुटतं की दिवा मालवता येत नाही. चौथी शिकून शेतात गेलेल्या माणसाला शंभर पानं एका दमात वाचता येतात, हा अनुभव त्याला शाळेनं दिला नव्हता. पुढे तोच माणूस जाड कादंबरीला हात घालतो. मराठीत वाचणारा वर्ग तयार करण्याचं हे काम समीक्षकांनी जमेस धरलं नाही, आणि त्यांनी केलेलंही नाही.

गुरुनाथ नाईकही याच जातीचे. संख्या तशीच अफाट, मारधाड थोडी अधिक. त्यांच्यावर वेगळं लिहावं असं ह्या कपाटात काही उरलेलं नाही, दोनच पुस्तकं आहेत आणि दोन्ही अर्धी.

अर्धी का होतात ते सांगतो, म्हणजे घेताना फसगत होणार नाही. ही पुस्तकं हलक्या कागदावर, सोळा पानांचा एक फर्मा अशा हिशेबानं छापलेली. ११२ पानी पुस्तक म्हणजे सात फर्मे. शिलाई नाही, बाजूनं तारेच्या दोन पिना मारलेल्या. पावसाळ्यात पिना गंजतात, गंज कागद खातो, आणि पानं पिनेपाशी तिकिटासारखी फाटतात. आधी मलपृष्ठ जातं, मग त्याला लागून असलेला शेवटचा फर्मा. म्हणजे नेमका खुनी कोण हेच जातं. रहस्यकथा नेताना पहिलं पान पाहू नका, शेवटचं पाहा. आत पेन्सिलीनं ‘८ पानं नाहीत’ असं लिहिलंय का तेही पाहा. ग्रंथपाल लिहितात, पण बोलत नाहीत.

दुरुस्ती करता येते. गावात एक बाइंडर आहे, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांवर त्याचं पोट चालतं. पिना काढायच्या, गंजाची कडा ब्रशनं झाडायची, प्रत्येक फर्म्याच्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावायची, मग जुजबंदी, म्हणजे घडीतून दोऱ्यानं शिवण, आणि वर कापडी कणा. खळ मैद्याची, तिच्यात मोरचूद. मोरचुदानं कसर आणि झुरळ लागत नाही. तो विषारी असतो, तेव्हा बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय वाचनालयाच्या पुस्तकापुरती सोडावी. जुजबंदीचं पुस्तक पुढे वीस-पंचवीस वर्षं हलत नाही. नव्या आवृत्त्यांचं मात्र अवघड आहे. त्यांना परफेक्ट बाइंडिंग असतं, फर्म्याच्या घड्या कापून नुसता गरम गोंद फासलेला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वर पत्र्याचं छत. दोन-तीन उन्हाळे काढले की गोंद कडक होतो, पुस्तक मधोमध उघडलं की ‘कट्’ असा आवाज येतो आणि पानं मोकळी होतात. घडीच कापलेली असल्यामुळे ते नीट शिवताही येत नाही. बाजूनं भोकं पाडून शिवतात, मग आतला समास शिवणीत जातो आणि ओळीची सुरुवात ओढून ओढून वाचावी लागते.

पण बाइंडिंगला पैसे लागतात, आणि ते कोणावर खर्च करायचे हा निर्णय दर वर्षी करावा लागतो. एखाद्या लेखकाचं नाव गावात किती मुरलंय ते इथे कळतं. ह्या वाचनालयानं अर्नाळकरांवर खर्च केला नाही, फाटली तशी ती बाद केली. नारायण धारपांवर केला. सुहास शिरवळकरांवर थोडा. बायका ज्यांना मागतात त्या लेखिकांवर अगदी कमी. आणि शिवाजी सावंत, रणजित देसाई यांच्या प्रती शिवून शिवून इतक्या जाड झाल्यात की कपाटाचं दार लागत नाही.

धारप (१९२५-२००८) ह्या खर्चाला लायक आहेत. भीती कशी बांधायची हे मराठीत त्यांच्याइतकं कोणाला कळलं नाही. सुरुवात नेहमी साध्या घरापासून. खोल्या किती, जिना कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, हे आधी सांगून टाकतात. शंभर पानं काहीच होत नाही, नुसतं एखादं दार मागच्या वेळेपेक्षा जास्त उघडं असतं. मग समर्थ, म्हणजे दुष्ट शक्तींशी लढणारा धारपांचा नायक, येतात. ‘शपथ’ हा स्टीफन किंगच्या ‘इट’चा सांगाडा आहे आणि ‘लुचाई’ ‘सेलम्स लॉट’चा, हे आता लपलेलं नाही, आणि ही उसनवारी त्यांच्या खात्यात उधार म्हणूनच लिहावी लागते. तरी उसना सांगाडा आपल्या ओसरीवर उभा करणं सोपं नसतं. ज्या गावात चिंचेखालून रात्री कोणी जात नाही तिथे अमेरिकेतलं भूत चालत नाही. धारपांचं चालतं.

शिरवळकरांची (१९४८-२००३) गोष्ट वेगळी. दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक घेऊन त्यांनी खूप लिहिलं आणि वाचनालयांनी ते जगवलं. ‘दुनियादारी’ १९८२ ची. २०१३ मध्ये सिनेमा आला आणि तिला दुसरा जन्म मिळाला. आजच्या पोरांना शिरवळकर म्हणजे तेवढंच एक पुस्तक. कॉलेजचा कट्टा, मैत्री, सिगारेट, अर्धवट प्रेम. पुण्याचं वातावरण असूनही यवतमाळच्या होस्टेलवर राहिलेल्याला ते परकं वाटत नाही. संवाद झकास. पण शेवटाकडे लेखक वाचकाला रडवायचंच म्हणून बसतो, ते डोळ्यांत भरतं. सिनेमामुळे आलेलं नाव किती टिकतं, त्याचा अंदाज पट्टीवरूनच घ्यावा: सिनेमानंतरची दोन वर्षं शिक्के दाट, पुढे विरळ. त्यांच्या बाकीच्या पुस्तकांवर सिनेमाचा काडीचा परिणाम नाही.

योगिनी जोगळेकर, शैलजा राजे. ह्या नावांवर कुठे परिसंवाद होत नाहीत. जोगळेकरांची पुस्तकं शंभरावर, शिवाय त्या शास्त्रीय संगीत गाणाऱ्या. ह्या पुस्तकांचे शिक्के पाहिले तर दुपारच्या वाचनाचा सगळा हिशेब लागतो. नेणारं बहुतेक शाळकरी पोर, हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर लेखिकेचं नाव आणि खाली ‘वाचलेलं नको’. ग्रंथपालांना कोणत्या घरात कोणतं वाचून झालंय ते पाठ असावं लागतं, आणि ह्यांना ते पाठ आहे. साडेतीनमधला अर्धा गुण त्याचा. कादंबऱ्या संसाराच्या, शेवट बहुधा समजुतीचा, भाषा स्वच्छ. ज्यांनी कधी वाचनालयाची पायरी चढली नाही अशा बायकांना चाळीस वर्षं घरपोच वाचायला दिलं, एवढं करूनही ह्यांचं नाव मोठ्या यादीत नाही. प्रसिद्धी कोणाला जास्त मिळाली यावर खूप बोललं जातं, कोणाला कमी मिळाली तेही कधी काढावं.

चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं उघड्या कपाटात नाहीत, मागायला लागतात, आणि मागणारा आवाज खाली करतो. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. आता ती वाचणाऱ्याला खटला कशावर झाला तेच शोधावं लागेल. खटल्यामुळे मिळालेलं नाव खटल्याबरोबर विटलं.

बाबा कदम मात्र अजून चालतात, विशेषतः शिकार आणि कोर्टकचेरी असलेली. सरकारी वकिली केलेला माणूस, त्यामुळे पंचनामा, जबानी, जामीन हे सगळं बरोबर असतं. शेताच्या धुऱ्यावरून ज्याची तारीख चालू आहे त्याला ते वाचायला आवडतं.

आता सावंत आणि देसाई. काउंटरवर कान दिला की हे ऐकू येतं:

“काहो भाऊ, कर्णाचं ते मोठं पुस्तक वापस आलं काय?”

“नाई न काकाजी. गुरुजीपाशी हाये.”

“मंग दुसरी कापी?”

“तिचे आखरीचे पानं गेले. चालन काय?”

“द्या बाप्पा. शेवट तं माहीतच हाये.”

रहस्यकथेची शेवटची आठ पानं गेली की ती रद्दी. ‘मृत्युंजय’ची गेली तरी नेणारा आहे. कर्ण मरतो हे तिसरीतल्या पोरालाही माहीत असतं, मग सातशेच्या आसपास पानं माणूस कशासाठी वाचतो? आवाजासाठी. सावंतांनी कादंबरी नऊ भागांत लावली, त्यातले चार कर्णाच्या तोंडी आणि बाकी एकेक कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि कृष्ण यांच्या. ज्याला आयुष्यभर कोणी विचारलं नाही तो शेवटी स्वतःचं सांगतो, आणि वाचणाऱ्याला ते आपलंच वाटतं. वाक्यं लांब, अलंकारांनी ओथंबलेली, एका उपमेच्या जागी तीन. शहरातल्या वाचकाला ह्याचा कंटाळा येतो. कीर्तन ऐकत मोठ्या झालेल्याला येत नाही, ते कानाला कीर्तनासारखंच लागतं. पुस्तक मोठ्यानं वाचून पाहावं, मग ते इतकं का चाललं याचा उलगडा होतो. कथाकार म्हणून सावंतांचं नाव शंभर टक्के कमावलेलं आहे.

भानगड पुढे आहे. ‘मृत्युंजय’ आली १९६७ मध्ये. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली १९६६ मध्ये, शेकडो हस्तलिखितं ताडून, जवळपास पन्नास वर्षांच्या मेहनतीनंतर. त्या आवृत्तीत ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असं द्रौपदीनं भर स्वयंवरात म्हणणं मूळ पाठात नाही, ते नंतरची भर म्हणून बाजूला काढलेलं आहे. गावात कोणाला विचारा, कर्णाच्या अपमानाची गोष्ट तिथूनच सुरू होते. आणि १९६७ मध्येच इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं, ह्याच चिकित्सक आवृत्तीच्या आधारानं लिहिलेलं, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. त्यात कर्णावर ‘मी कोण?’ हे प्रकरण आहे. एका बैठकीत वाचून होतं आणि कर्णाला ना डोक्यावर घेतं ना पायदळी तुडवतं. एकाच वर्षाची दोन पुस्तकं, दोन्हींत कर्ण. ह्या वाचनालयात ‘मृत्युंजय’च्या पाच प्रती दाखल झाल्यात. ‘युगान्त’ची एक, खालच्या कप्प्यात, ओल लागलेली.

हे सावंतांनी केलं नाही. त्यांनी कादंबरी लिहिली आणि कादंबरी म्हणूनच दिली. तिचं पुराण आपण केलं: गुरुजींनी, निवेदकांनी, मालिकावाल्यांनी. वृषालीला मूळ महाभारतात जवळपास जागाच नाही, ती लोकांच्या मनात बसली ती कादंबरीतून. त्यात वाईट काही नाही. पण वक्तृत्व स्पर्धेत पोरगं ‘वृषाली म्हणाली’ असं व्यासांच्या नावावर खपवतं आणि परीक्षक मान डोलावतात, तेव्हा लेखकाला त्याच्या हक्कापेक्षा जास्त मिळालेलं असतं. त्यानं न मागता.

इतिहासाचं तर जास्तच. ‘स्वामी’ १९६२ ची, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांचं नातं देसायांनी इतकं हळुवार लिहिलं की माधवरावांचा शेवट झाला त्या थेऊरला आज जाणारा माणूस कादंबरीच शोधत जातो. देसायांचीच शिवाजी महाराजांवरची ‘श्रीमान योगी’ १९६८ ची, सावंतांची संभाजी महाराजांवरची ‘छावा’ १९७९ ची. १९ फेब्रुवारी जवळ आला की ह्या तिन्हीवर झुंबड उडते. २०२५ मध्ये ‘छावा’वरचा सिनेमा शिवजयंतीच्या तोंडावरच आला, तेव्हा पुस्तकासाठी नावं लिहून ठेवायला वेगळी वही करावी लागली. भाषणाला मागितलं जातं ते नेमकं काय, तर संवाद. राजे काय म्हणाले, येसूबाई काय म्हणाल्या. हे संवाद कादंबरीकाराचे आहेत, कुठल्या बखरीतले किंवा पत्रातले नाहीत, हे नेणाऱ्याला कोणी सांगत नाही. वाचनालयाला ते सहज करता येईल. पहिल्या पानावर एक रबरी शिक्का: ‘ही कादंबरी आहे’. आणि त्याच कप्प्यात शेजारी वा. सी. बेंद्रे यांचं १९६० चं संभाजी महाराजांचं चरित्र आणि कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’. दोन्ही पुस्तकं वाचनालयात आहेत. ती ९२० च्या चरित्र विभागात, दुसऱ्या खोलीत, कुलपात. कादंबरी हाताशी आणि इतिहास कुलपात, हीच ह्या कपाटाची सगळ्यात मोठी चूक. दीडपैकी एक गुण इथे गेला.

भाषणाची तयारी करणाऱ्यानं असं करावं: आधी कादंबरी वाचावी, आवडलेला प्रसंग वहीत उतरवावा, आणि मग तोच प्रसंग चरित्रात शोधावा. सापडला तर तारखेसह बोलावं. सापडला नाही तर ‘कादंबरीकारानं असं रंगवलंय’ असं म्हणून बोलावं. परिणाम तेवढाच होतो, आणि खोटं बोलावं लागत नाही.

व. पु. काळ्यांची (१९३२-२००१) प्रत ओळखायला नाव पाहायची गरज नाही. बाकी पुस्तकं सुरुवातीला आणि शेवटी झिजतात, ‘वपुर्झा’ मधूनच झिजतं. कुठल्याही पानावर उघडतं, पेननं रेघा मारलेल्या, समासात बदाम, एका ठिकाणी नाव लिहून खोडलेलं. गोष्ट नाहीच त्यात, वेचे आहेत. मुंबई महापालिकेत वास्तुरचनाकार असलेला हा माणूस चाळीतल्या, ऑफिसातल्या माणसांच्या कथा सांगायचा आणि व्यासपीठावरून त्या ऐकवायचाही. मन मोकळं करायला ज्यांच्याकडे शब्द नव्हते त्यांना त्यांनी ते पुरवले. आज व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या नावानं फिरणाऱ्या वाक्यांत त्यांची किती हे तपासायला गेलं तर फजिती होते. परिणाम पाहिला तर अफाट, पण तो वाक्यांचा आहे, कथांचा उरला नाही. त्यांच्या कथासंग्रहांच्या पट्ट्या अर्ध्या रिकाम्या आहेत. एखादा संग्रह नेऊन पाहावा, माणूस गोष्ट छान सांगायचा.

जमिनीवर एक खोकं ठेवलंय, हिंदी पॉकेट बुकांचं. गुलशन नंदा, सुरेंद्र मोहन पाठक, वेदप्रकाश शर्मा. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, इथे हिंदी वाचताना कोणी अडखळत नाही. ही पुस्तकं दाखल नोंदवहीत नाहीत. एक ठेवा, एक न्या. वर्गणीदार नसलेल्यालाही चालतं. बाजारच्या दिवशी एसटीची वाट पाहणाऱ्यांसाठी ह्याहून चांगली सोय गावात नाही.

राहिला उद्धव शेळके. हिंगणघाटचा जन्म, हयात अमरावतीकडे. १९६० ची ‘धग’. कौतिक नावाच्या बाईचा संसार, संवाद सगळे वऱ्हाडीत, आणि ती वऱ्हाडी हसवायला वापरलेली नाही. आपली बोली छापून आली की लोक हसतात, ही सवय ‘धग’ वाचताना पन्नासाव्या पानापर्यंत मोडते. त्याच लेखणीनं पुढे पोटासाठी ढीगभर चालू कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या काही कपाट क्रमांक ४ मध्ये आहेत, फाटेस्तोवर वाचलेल्या. त्याही नेऊन पाहाव्या. घाईत लिहिलेल्या कळतात, पण मधूनच एखाद्या बाईच्या तोंडी असं वाक्य येतं की ‘धग’चा लेखक कुठे गेला नव्हता हे समजतं. लोकप्रिय लेखक आणि थोर लेखक असे दोन निराळे प्राणी असतात असं मानणाऱ्यांनी ह्या एका माणसाची दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावी.

वाचनालयात ती शेजारी ठेवलेली नाहीत. ‘धग’ आहे काचेच्या कपाटात, ‘विदर्भाचे मानकरी’ अशी पाटी लावलेल्या. मानानं ठेवली म्हणून कोणाला मिळत नाही. उरलेला अर्धा गुण त्याचा. हवी असेल तर साध्या कागदावर अध्यक्षांच्या नावे अर्ज, वर्गणीदार क्रमांक आणि परत करायची तारीख त्यात लिहावी. चावी सचिवांकडे असते, आणि सचिव रविवारी सकाळी नऊनंतर बाजारात जाण्याआधी अर्धा तास वाचनालयात बसतात. पुस्तक हातात आलं की पानं मोजायची गरज नाही, सगळी आहेत.